चष्म्यांतून हरवलेला एक

१

कानिफनाथचा टेम्पो ओढ्यात गेला तेव्हा लख्ख ऊन पडलेलं होतं, रस्ता मोकळा होता आणि त्याच्या डोळ्यांवर नवा कोरा चष्मा होता.

नशीब एवढंच, की ओढ्याला पाणी नव्हतं. कांद्याच्या गोण्या इकडेतिकडे उसळल्या, पुढची काच फुटली आणि शेजारी बसलेल्या राहीबाईचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, डावा हात मोडला. कानिफनाथला खरचटलंसुद्धा नाही. तेच त्याला जास्त लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो सावेडीतल्या मोफत चष्म्यांच्या केंद्रात येऊन उभा राहिला आणि हातरुमालात गुंडाळलेला चष्मा त्याने टेबलावर ठेवला.

"बाई, ह्यो घ्या तुमचा चष्मा. लई उपकार झाले."

टेबलामागे यशोधरा जगधने बसल्या होत्या. सरकारच्या सांख्यिकी खात्यातून निवृत्त झाल्यावर त्या रोज आपल्या लुनावरून केंद्रात येत आणि देखरेखीचं काम विनामोबदला करत. उपकार हा शब्द त्याने कोणत्या चवीने उच्चारला, ते त्यांच्या लगेच ध्यानात आलं.

"बसा आधी. झालं काय?"

"रस्ता तिरका झाला," कानिफनाथ म्हणाला. "सरळ हाय ह्ये ठाऊक हुतं मला, रोजचाच रस्ता त्यो. पर चष्म्यातनं उजव्या अंगाला कलल्यावानी दिसायचा. म्या शिबिरात इचारलं हुतं. म्हनले, नव्या चष्म्याला चार दिस तरास होतो, मंग सवय हुती. म्हनून लावून बसलो सवय. बायकोचा हात गेला त्यात."

यशोधराबाईंनी चष्मा उचलून उजेडात धरला. दिसायला त्यात काहीही वावगं नव्हतं. तेवढ्यात आतल्या खोलीतून केंद्र चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष कारभारी अण्णा बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"ही काही पहिली तक्रार नाही, बाई," ते दबक्या आवाजात म्हणाले. "मी बोललो नव्हतो तुम्हाला. दिवाळीपासून पाच आल्यात."

२

केंद्राचं काम साधं होतं. दीपा ही डोळे तपासणारी मुलगी गावोगावच्या शिबिरांत जाऊन प्रत्येकाच्या कार्डावर नंबर लिहून आणायची. रेश्मा ते नंबर संगणकात भरायची. संगणक प्रत्येकाची चिठ्ठी छापायचा आणि चिठ्ठीप्रमाणे मच्छिंद्र काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. तीन माणसं आणि एक यंत्र, एवढाच पसारा. पण त्या पसाऱ्यातून जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत उजेड गेला होता.

यशोधराबाईंना त्याची किंमत दुसऱ्या कुणी सांगायला नको होती. लहानपणी त्यांना शाळेतला फळा म्हणजे नुसता काळा ढग वाटायचा. मास्तरांनी एकदा स्वतःच्या खर्चाने नगरला नेऊन त्यांना चष्मा करून दिला आणि दुकानातून बाहेर पडल्यावर रस्त्याकडेच्या विजेच्या खांबांना तारा असतात, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं. मास्तरांना जाऊन वर्षं लोटली. त्यांचं देणं फेडायला जागा राहिली नाही म्हणून त्या इथे येत होत्या. आणि आता याच केंद्राच्या चष्म्याने एका बाईचा हात मोडला होता.

"मच्छिंद्रला काढा," अण्णा म्हणाले. "त्याचं वय झालं. हात थरथरतो. त्यात दिवाळीला नवं घासायचं चाक बसवलंय."

"दिवाळीपासून दीपाही एकटीच शिबिरं करते," बाई म्हणाल्या. "आणि आधीची मुलगी लग्न होऊन गेली म्हणून रेश्माही दिवाळीतच लागली. नव्या गोष्टी तीन आहेत, अण्णा. तुम्ही एकीलाच धरून बसलात."

"मग सोमवारपर्यंत शोधा. सोमवारी मी कुणाला तरी घरी पाठवणार. लोकांचे डोळे आहेत हे."

बाईंनी आधी दीपाला बोलावलं. दीपाने कानिफनाथचं कार्ड काढून समोर ठेवलं. अक्षर मोत्यासारखं होतं.

"याच्या डोळ्यांना नुसता नंबर पुरत नाही, बाई. काच कोणत्या कोनात बसवायची तेही द्यावं लागतं. कोन चुकला की सरळ वस्तू कललेली दिसते. हे बघा, उजव्या डोळ्याचा कोन एकशे साठ, डाव्याचा वीस."

"आता चष्मा मोजून बघ."

दीपाने काचा मोजायच्या यंत्राखाली चष्मा धरला. डावी काच बघून तिने मान डोलावली. उजव्या काचेवर मात्र ती थांबली. यंत्रावरून डोळा काढून तिने पुन्हा लावला.

"डावी बरोबर वीसवर आहे," ती हळूच म्हणाली. "उजवी साठवर आहे. एकशे साठवर नाही."

३

मच्छिंद्र कारखान्यात, म्हणजे केंद्रामागच्या पत्र्याच्या खोलीत, हात पुसत उभा होता. अण्णांचं बोलणं त्याच्या कानावर गेलेलं दिसत होतं.

"थरथरतो हात, खोटं न्हाई," तो म्हणाला. "पर काच चाकाला लावली की थांबतो. कानिफनाथची चिठ्ठी हाय माझ्याकडं. बघा."

चिठ्ठीवर उजव्या डोळ्याचा कोन छापला होता साठ. मच्छिंद्रने चिठ्ठीबरहुकूम काच घासली होती. दीपाने लिहिलं बरोबर आणि मच्छिंद्रने घासलं बरोबर. मधल्यामध्ये कुठेतरी कोन बदलला होता.

"मच्छिंद्रभाऊ, दिवाळीपासून आणखी काही वेगळं वाटलं का तुम्हाला? कितीही बारीक असू दे."

तो घुटमळला. नजर खाली घातली.

"मोतीबिंदूच्या जुन्या आपरेशनवाल्याला दहा-साडेदहाचा जाड नंबर असतो, आपल्याला ठावंच हाय. हल्ली कधीकधी त्याच्या चिठ्ठीवर नुसता अर्धा नंबर छापून येतो. असं असनार न्हाई ह्ये मला कळतं, मंग मी कार्ड मागवून हातानंच दुरुस्त करतो."

"आणि हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"पोरगी नवी हाय, बाई. घाईत ऱ्हायलं आसंल म्हनलं. बोलून तिची नोकरी घालवायची व्हय?"

स्वतःची नोकरी जायची वेळ आली तरी या माणसाने तोंड उघडलं नव्हतं. बाईंना त्याच्याकडे बघवेना.

"आणखी एक," जाता जाता तो म्हणाला. "आधीची पोरगी हुती तवा ते कंपुटरचं मशीन गप असायचं. आता अधूनमधून टूं करतंय. इथवर ऐकू येतं."

त्या दुपारी बाईंनी तक्रार आलेल्या पाचही जणांचे आणि इतर काहींचे नंबर कार्डावरून आणि चिठ्ठीवरून शेजारीशेजारी मांडले. श्रीगोंद्याची चांगुणा शिवणकाम करायची. तिचा दीड नंबर अर्धा झाला होता. एका निवृत्त शिक्षकांचा कोन एकशे पंच्याहत्तरचा पंच्याहत्तर झाला होता. मच्छिंद्रने सावरलेल्या मोतीबिंदूवाल्यांच्या साडेदहाचा नुसता अर्धा नंबर उरला होता. उलट ज्यांचे नंबर अडीच, पावणेचार, कोन नव्वद, त्यांच्या चष्म्यांत तिळाएवढीही चूक नव्हती.

आयुष्यभर आकडे बघितलेल्या बाईंना एक गोष्ट खटकली. हलगर्जीपणाने झालेली चूक कधी जास्तीकडे जाते, कधी कमीकडे. इथे एकही नंबर वाढला नव्हता. कुठे शंभर गेले होते, कुठे एक गेला होता, कुठे दहा.

त्यांनी आकडे अंकांत लिहिले आणि पेन खाली ठेवलं. १६०चे ६०. १७५चे ७५. १.५०चे .५०. १०.५०चे ०.५०.

चोर एकच अंक चोरत होता. एक.

४

रेश्मा उजागरे श्रीरामपूरची. बारीक अंगाची, कामाला वाघ, पण कुणी नजर रोखून बघितलं की गडबडून जाणारी. बाई तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या, तेव्हाच तिचा चेहरा उतरला.

"मी कार्डावर आहे तेच भरते, बाई. शपथ घेऊन सांगते. एकशे साठ म्हणजे एकशे साठच मारते."

"माझा विश्वास आहे तुझ्यावर. मला फक्त यंत्र बघायचंय."

बाईंनी कीबोर्डावरचं एकचं बटण स्वतः दाबलं. पडद्यावर एक उमटला. पुन्हा दाबलं, पुन्हा उमटला. बटण ठणठणीत होतं.

"हे टूं कशाला करतं गं?"

"घेतलं म्हणून सांगत असेल," रेश्मा म्हणाली. "मला कुणी सांगितलं नाही, पण मला तसंच वाटलं."

"बरं. मी सांगते ते भर."

कारभारी अण्णाही मागे येऊन उभे राहिले. बाईंनी एकेक आकडा सांगितला. एकशे साठ. दीड. एकशे पंच्याहत्तर. साडेदहा. रेश्मा मान खाली घालून, कीबोर्डावर डोळे रोवून, एका बोटाने एकेक बटण शोधून दाबत होती. कपाळावर घाम आला होता.

चिठ्ठी छापून निघाली. एकशे साठ. दीड. एकशे पंच्याहत्तर. साडेदहा. चारही बरोबर.

"झालं समाधान?" अण्णा म्हणाले. "यंत्र बरोबर, यंत्रावरची पोरगी बरोबर. म्हणजे ही मुद्दाम चुकवते तरी, नाहीतर तो मच्छिंद्र आपल्या चुका झाकायला चिठ्ठ्या बदलतो. दोघांतलं एक ठरवा."

रेश्मा उठली. पदराने तोंड झाकून ती बाहेर पडली ती थेट बसस्टँडवर गेली. दुसऱ्या दिवशी कामावर आली नाही.

यशोधराबाई त्या रिकाम्या खुर्चीसमोर बराच वेळ बसून होत्या. परीक्षेत सगळं बरोबर आलं होतं, पण एक गोष्ट राहून राहून त्यांना टोचत होती. चार आकडे भरले, चारही आकड्यांत एक होता, आणि यंत्राने एकदाही टूं केलं नव्हतं.

'घेतलं म्हणून सांगत असेल.' मग काल का नाही सांगितलं?

५

रविवारी त्या एसटीने श्रीरामपूरला गेल्या. उसाच्या ट्रॅक्टरांमागे गाडी रखडत चालली होती. आपण तिथे जाऊन काय करणार, हे त्यांना नीटसं ठाऊक नव्हतं. घाबरवून घालवलेल्या मुलीला निदान परत आणावं, एवढंच मनात होतं.

चर्चच्या मागच्या गल्लीत, एका दुकानावरच्या माडीवर उजागरे सरांचा, म्हणजे रेश्माच्या वडिलांचा, टायपिंगचा क्लास होता. जिन्यातच खटखट ऐकू आली. वर पाच-सहा जुनी टाइपरायटर यंत्रं होती आणि खिडकीजवळच्या यंत्रावर रेश्मा नव्या मुलींना दाखवत बसली होती.

बाई दारातच थांबल्या.

ही ती रेश्मा नव्हतीच. पाठ ताठ, डोळे शेजारच्या कागदावर, आणि दहाही बोटं अशी धावत होती की बघणाऱ्याला कळू नये कुठलं बोट कुठे पडतं. एकदासुद्धा तिने खाली बघितलं नाही. केंद्रात घाबरून एका बोटाने बटणं शोधणारी मुलगी कुठे आणि ही कुठे!

"लहानपणापासून इथेच वाढली ती," उजागरे सर कौतुकाने म्हणाले. "बटणांकडे बघायचं नाही, हा माझ्या क्लासचा पहिला नियम. पोरं बघायला लागली की मी हातांवर रुमाल टाकतो."

"बघू तरी," बाई हसत म्हणाल्या आणि एका रिकाम्या यंत्रासमोर बसल्या. यंत्र जुनं होतं, बटणांवरची अक्षरं झिजलेली होती. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला आणि वरची आकड्यांची ओळ डावीकडून वाचायला लागल्या.

पहिलं बटण दोनाचं होतं.

त्यांनी पुन्हा बघितलं. दोन, तीन, चार, पाच. मग शेजारच्या यंत्राकडे गेल्या. तिथेही पहिलं बटण दोनाचंच.

"सर," त्यांचा आवाज चढला, "तुमच्या यंत्रांवर एक कुठे आहे?"

सरांना प्रश्नाचंच नवल वाटलं. "या जुन्या यंत्रांना एक नसतोच, बाई. बटण वाचवायला बनवणाऱ्यांनी तो ठेवलाच नाही. इंग्रजी छोटा एल दिसतो एकासारखाच, मग एक मारायचा असला की एल मारायचा. आमच्या पोरांची बोटं आपसूक तिकडे जातात."

खिडकीपाशी खटखट थांबली. रेश्मा जागेवर उभी राहिली होती. तिने आपल्या उजव्या हाताकडे बघितलं आणि दुसऱ्या हाताने तो घट्ट धरला.

६

सोमवारी केंद्रात कारभारी अण्णा, दीपा, मच्छिंद्र, परत आलेली रेश्मा आणि कानिफनाथ जमले. बाईंनी मुद्दाम बोलावलं म्हणून हात गळ्यात बांधलेली राहीबाईही आली होती आणि भिंतीकडेच्या बाकावर टेकली होती.

"अण्णा, आता परीक्षा पुन्हा घेऊ," यशोधराबाई म्हणाल्या. "पण त्या दिवशीसारखी नाही. रेश्मा, आमच्याकडे बघू नकोस आणि बटणांकडेही नको. क्लासात मारतेस तसं मार."

त्यांनी कीबोर्डावर आपला रुमाल अंथरला. रेश्माने त्याखाली हात घातले, कार्डावर नजर लावली आणि बोटं सोडली.

टूं.

पडद्यावर आलं होतं साठ.

"कोणता आकडा मारलास?"

"एकशे साठ," रेश्मा ओठ घट्ट करून म्हणाली.

"बघितलंत? तिने एकशे साठच मारला, पण एकाच्या जागी छोटा एल. कागदावर एल छापला असता तर तो एकच दिसला असता, कुणाचं काही बिघडलं नसतं. पण संगणकाला ते अक्षर आहे. आकड्याच्या जागी तो अक्षर घेत नाही. टूं करून गिळून टाकतो आणि पुढचे आकडे घेतो. तो सांगत होता, 'हे मी घेतलं नाही.' आपल्याला वाटलं, 'घेतलं.' बोटांच्या सवयीवर विसंबून हिने पडद्याकडे बघितलं नाही आणि चिठ्ठी कार्डाशी ताडून बघायला आपण कुणालाच सांगितलं नाही."

"मग त्या दिवशी बरोबर कसं आलं?" अण्णांनी विचारलं.

"त्या दिवशी आपण तिच्या डोक्यावर उभे होतो. भीतीने ती खाली बघून एका बोटाने बटणं शोधत होती. बघून शोधलं की एकचं बटण सापडतंच. म्हणून यंत्रही गप होतं."

 अण्णांनी सगळ्यांदेखत मच्छिंद्रपुढे जाऊन हात जोडले.

"मच्छिंद्र, मी तुझ्यावर आळ घेतला. माफ कर बाबा."

"असू द्या, अण्णा," मच्छिंद्र अवघडून म्हणाला. "म्या तवाच बोललो असतो, तर ह्यांची गाडी सुदिक वाचली असती. माझं बी चुकलंच की."

"काका," रेश्मा त्याला म्हणाली, "माझी नोकरी राहावी म्हणून तुम्ही गप बसलात. हे मी विसरणार नाही."

पुढच्या दिवसांत दीपा आणि रेश्माने दिवाळीपासूनची कार्डं चिठ्ठ्यांशी ताडून बघितली. ज्यांच्या नंबरातला एक गळाला होता त्यांच्या काचा मच्छिंद्रने पुन्हा घासल्या आणि रेश्मा स्वतः एसटीने गावोगाव जाऊन त्या देऊन आली. घासण्याआधी एकाने कार्ड मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने चिठ्ठी बघायची, असा रिवाज पडला. श्रीगोंद्याला चांगुणाने तिला चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही. कुठेही कुणी तिला टाकून बोललं नाही. त्यामुळे तिला उलट जड गेलं.

एक घर मात्र तिला जमलं नाही. राहीबाईपुढे जायचा तिला धीर होईना.

म्हणून संक्रांत झाल्यावर राहीबाईच आली. कानिफनाथ नव्या काचांच्या चष्म्याने स्वतः टेम्पो चालवत आला होता. "बाई, रस्ता सरळ झाला बगा," असं त्याने दारातूनच सांगितलं आणि या वेळी उपकार हा शब्द तो नीट म्हणाला. राहीबाईच्या हातात एक गाठोडं होतं. मच्छिंद्रसाठी बाजरी आणि तीळ.

रेश्मा खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, संगणकापाशी उभी होती. त्या सोमवारी जे तोंडून निघालं नव्हतं ते तिने तिथूनच सांगून टाकलं. हात माझ्यामुळे मोडला, मावशी.

"मुद्दाम केलंस का तू? न्हाई ना? मंग झालं," राहीबाई म्हणाली. "हात जुळतोय. ह्येंचे डोळे जुळले. आता एक काम करा. माजे बी डोळे तपासून द्या. जलमात कुनी बघितले न्हाईत."

दीपाने तपासले. दूरचं राहीबाईला कधीच धड दिसत नव्हतं. तिला वाटायचं, सगळ्यांना असंच दिसतं. रेश्माने कार्ड वाचून नंबर भरला, पडद्यावर बघितला, चिठ्ठी मच्छिंद्रच्या हातात देऊन कार्ड मोठ्याने वाचलं. मच्छिंद्रने बाकी कामं बाजूला सारली आणि चहा होईतो काचा बसवून आणल्या.

यशोधराबाईंनी तो चष्मा स्वतःच्या हाताने राहीबाईच्या डोळ्यांवर चढवला. रस्त्यावरच्या खांबांकडे बघणारी एक लहान मुलगी त्यांना आठवली आणि त्यांनी मनातल्या मनात मास्तरांना नमस्कार केला.

 राहीबाईने कानिफनाथकडे बघितलं, मच्छिंद्रकडे बघितलं. मग तिची नजर खोलीच्या दुसऱ्या टोकाला रेश्मावर गेली आणि तिथेच राहिली. ती बाकावरून उठली, एका हाताने लुगडं सावरत खोली ओलांडून गेली आणि रेश्माच्या गालावर हात ठेवला.

"आगं बया, रडतीस व्हय गं?" ती म्हणाली. "मला तिथनं मघाधरनं वाटत हुतं, हसतीस."